होऊन गेलेली

विक्रमच्या थोरल्या भावाचा, दत्ताचा फोन आला तेव्हा पूनम खाली बसून तांदूळ निवडत होती आणि विक्रम पंख्याखाली उघडाच पडला होता. शिक्रापूरच्या त्या भाड्याच्या खोलीवर पत्रा होता. एप्रिलात दुपारचे बारा वाजले की आत माणूस शिजायचा. विक्रमच्या सणसवाडीच्या कंपनीत तीन पाळ्यांची एकच पाळी उरली होती, आणि पूनमचं पॅकिंगचं काम तर आठ दिवसांपासून बंदच होतं. शेजारच्या खोल्यांतले बिहारी कामगार मागच्या सालाचा धडा घेऊन यंदा आधीच गावाला निघून गेले होते. सगळी चाळ गप्प होती.

"अप्पाचा रिपोर्ट आला," दत्ता म्हणाला. "पॉझिटिव्ह हाय. ऑक्सिजन नव्वदवर आलाय."

विक्रम उठून बसला. "मग अ‍ॅडमिट करा की."

"कुठं करू? दौंड झालं, शिरूर झालं, पुण्याला फोन लावून लावून बोटं झिजली. एक जण म्हणला, नाव लिवून घेतो, तुमच्या म्होरं एकेचाळीस हायेत." दत्ताचा आवाज बसला होता. "डॉक्टर वस्तीवर येऊन गेला, दारातनंच बघितलं त्यानं. म्हणला घरीच ठेवा, सिलिंडर लावा, पर जवळ एक माणूस पायजे. चोवीस तास. पालथं निजवायचं, बोटाला मशीन लावून बघायचं, औषध, लघवी, समदं."

"आई?"

"आईची शुगर तुला ठाऊक हाय. डोसबी एकच झालाय. मोनालीच्या अंगावर सात महिन्यांचं तान्हं. आन् माझं बीपी..." मग ज्यासाठी फोन केला होता ते दत्ता बोलला. "पूनमला होऊन गेलाय ना रे."

फोन स्पीकरवर होता. पूनमची बोटं तांदळात थांबली.

मागच्या सप्टेंबरात तिला कोरोना झाला तेव्हा दोघं वस्तीवरच राहायची आणि कंपनीच्या बसनं जाऊन-येऊन करायची. कोळपेवस्तीवरची पहिली पेशंट तीच. तिला विहिरीवरच्या पंपाच्या खोलीत ठेवलं, सतरा दिवस. सासू, गिताबाई, भाकरीचं फडकं बांधावर ठेवायची, वीस पावलं मागं सरायची आणि मग हाक मारायची. जाऊ, मोनाली, हिनं तिची गोधडी जाळली. पूनमच्या आईनं शिवलेली होती ती. डेअरीवाल्यानं वस्तीचं दूध घ्यायचं बंद केलं, त्याचं खापरही पूनमच्याच डोक्यावर फुटलं. बरी होऊन ती घरात आली त्या दिवशी मोनालीनं तिच्या हातचा चहा मोरीत ओतला. कुणी बघत नाही असं वाटून ओतला, पण पूनमनं बघितलं. पंधरा दिवसांत दोघांनी शिक्रापूरला खोली केली. त्यानंतर दिवाळीला तेवढं जाणं झालं, तेही उभ्या उभ्या.

आता ती फोनकडे बघून म्हणाली, "दादा, परवा यांच्या कंपनीत आमचं रगात घेतलंय. अंगात त्या रोगाशी लढायची ताकद हाय का न्हाई ते कळतंय म्हणं त्यातनं. आज रिपोर्ट येणार हाय. हाय म्हणला तर येते मी."

"आगं, होऊन गेलं म्हंजी असणारच की!"

"असंल तर येते," ती पुन्हा म्हणाली आणि तांदूळ निवडायला लागली.

रिपोर्ट चार वाजता विक्रमच्या मोबाइलवर आला. पूनम खाली चाळीच्या नळावर होती. विक्रमचा स्वतःचा निगेटिव्ह होता, ते त्याला अपेक्षितच होतं, त्याला कधी झालाच नव्हता. मग त्यानं दुसरी फाइल उघडली. पूनम विक्रम कोळपे, वय एकोणतीस. एकच्या वर आकडा असला तर अँटिबॉडी आहेत, खाली असला तर नाहीत. तिचा आकडा शून्य पॉइंट अडतीस होता.

त्यानं लॅबला फोन लावला. पलीकडचा पोरगा दमलेला होता. "होतं असं सर. सहा-सात महिन्यांत उतरतात काहींच्या. म्हणजे शरीरात थोडीफार ताकद असेल, नसेल, खात्री देता येत नाही. नवीन माणसासारखंच जपायला सांगा त्यांना."

विक्रम खिडकीत उभा राहिला. खाली पूनम हंडा भरायला लावून मास्क सारखा करत होती. बापाचा चेहरा त्याच्या डोळ्यांपुढे आला. म्हस्कूअप्पांनी उभी हयात मेंढरांमागं काढली होती, आठ महिने पायपीट आणि चार महिने घर. ताप आला तरी निंबाचा पाला चावून कळपामागं चालत राहणारा माणूस आता दमानं टेकला होता आणि त्याच्यापाशी बसायला घरातलं एक माणूस नव्हतं. थोडीफार ताकद असेल, असं तो पोरगाच म्हणाला होता. विक्रमनं ते शब्द मनात घोळवले. घोळवता घोळवता त्यातला 'नसेल' कुठंतरी गळून गेला.

पूनम हंडा घेऊन वर आली. "आला का हो रिपोर्ट?"

"आला."

"काय म्हणतोय?"

"चांगलाय," विक्रम म्हणाला. "तुझ्यात हाय ताकद."

पूनमनं हंडा उतरवला आणि पदरानं मान पुसली. "बरं झालं बाई," ती म्हणाली. तिच्या चेहऱ्यावरचा ताण असा सैल झाला की विक्रमला तिच्याकडं बघवेना. तिनं दोन साड्या, दोन गाऊन आणि टॉवेल पिशवीत भरला. अर्ध्या तासात न्हावऱ्याच्या रस्त्याला गाडी लागली.

पारगावचा पूल ओलांडून वस्तीवर पोचले तेव्हा ऊन कलतं झालं होतं. चिंचेखाली सगळी लांब लांब बसली होती, जसं काही एकमेकांशी भांडण आहे. दत्ता बाजेवर, मोनाली लेकराला घेऊन ओट्यावर, गिताबाई तुळशीपाशी दगडावर. मागच्या खोलीतून अप्पांचा खोकला येत होता. खोकला आला की सगळ्यांचं बोलणं थांबायचं.

"मीच बसते म्हणलं," गिताबाई म्हणाली. "पन्नास वर्सं त्या माणसाचं केलंय. आता काय मला नवं हाय?"

"आई, झालं ना बोलून," दत्ता कावला. "तुला काय झालं म्हंजी? दोन खाटा कुठनं आणू मी?"

विक्रमला वाटलं, आता आपण बोलायला पाहिजे. "मी बसतो की अप्पाजवळ."

"तुला झालाय का? न्हाई. लस? न्हाई. तू आत गेलास की चार दिसांनी तुला बघाया कोण?" दत्ता म्हणाला. "तू सिलिंडरचं बघ. तुझ्या एमआयडीसीत वळखी हायेत. आन् हे बघ, अप्पाच म्हणायचे, देवी होऊन गेलेलं मेंढरू कळपाच्या म्होरं घालावं, त्याला काय होत न्हाई."

विक्रमच्या छातीवरची धोंड उतरली, आणि ती उतरल्याचीच त्याला लाज वाटली.

मोनाली ओट्यावरून उठली. मागच्या वर्षी हीच सगळ्यांत आधी बोलली होती, की कंपनीतनं रोग आणला म्हणून. आज तिनं लेकराला कडेवर सावरलं आणि लांबूनच हात जोडले. "पूनम, मागचं मनात ठिवू नगंस गं. आमी तवा भ्यालोतो."

"मनात कशाला ठिवू ताई," पूनम म्हणाली. "फकस्त जेवण खोलीच्या दारापातुर आणून द्यायचं. बांधावर न्हाई."

मोनालीनं मान खाली घातली. गिताबाईनं तोंडाला पदर लावला. मग ती उठून विक्रमजवळ आली, चार हात अंतर ठेवून उभी राहिली आणि हळू आवाजात तिनं विचारलं, "तो रिपोर्ट का काय, तू तुझ्या डोळ्यानं बघितलास ना?"

"बघितला," विक्रम म्हणाला.

"मग देवावर भार," असं म्हणून ती गुळवेलीचा काढा आणायला गेली. मार्चपासून त्या घरात सगळ्यांनी तो काढा प्यायचा, त्यावर होमिओपॅथीच्या गोळ्या घ्यायच्या, आणि नाकात तेल घालायचं असं चाललं होतं. अप्पांनी लस तेवढी घेतली नव्हती. 'आदी म्हातारीला टोचा, काय हुतंय बघू, मग माझं बघा,' असं हसत म्हणाले होते. म्हातारीला काही झालं नाही, पण तोवर केंद्रावरची लस संपली होती.

पूनमनं काढ्याचा पेला रिकामा केला, मास्कवर मास्क चढवला आणि ती आत गेली. दार तिनंच ओढून घेतलं.

पुढचे पाच दिवस विक्रमच्या अंगात वारं शिरल्यागत झालं होतं. सकाळी सहाला रिकामा सिलिंडर गाडीला आडवा बांधायचा, पन्नास किलोमीटर जाऊन रांगेत लावायचा, उन्हात पाच-सहा तास उभं राहायचं, भरून मिळाला की वस्तीवर आणायचा. रांगेत माणसं एकमेकांशी बोलत नव्हती. कुणाचा फोन वाजला की सगळे त्याच्या तोंडाकडे बघायचे. विक्रम कुणाला पुढं जाऊ द्यायचा नाही आणि कुणाशी भांडायचाही नाही. आपण जितकं पळू तितका तो आकडा वर चढेल, असं काहीतरी त्याच्या डोक्यात बसलं होतं.

संध्याकाळी तो खोलीच्या खिडकीबाहेर उभा राहून आतलं ऐकायचा. पूनम अप्पांना कुशीवर वळवायची, पाठ चोळायची, आकडे वहीत लिहायची. एकोणनव्वद. ब्याण्णव. शहाऐंशी. पहिल्या दिवशी ती 'मामंजी' म्हणत होती. तिसऱ्या दिवशी 'अप्पा' म्हणायला लागली.

चौथ्या दिवशी अप्पांना जरा उतार होता. मास्क बाजूला करून ते बोलायला लागले. "पोरी, तुला कुणी धाडलं हितं?"

"मीच आले. दादा म्हणले, अप्पाच सांगायचे, होऊन गेलेल्या मेंढराला परत काय होत न्हाई."

अप्पा हसले आणि त्यांना खोकल्याची उबळ आली. ती बसल्यावर ते म्हणाले, "अर्धंच सांगितलं त्यानं. कोकणातनं परत येताना एका साली होऊन गेलेली सात मेंढरं मेली माझी. आमी त्यास्नी म्होरं घालायचो ते मरत न्हाईत म्हणून न्हवं. आदीच खंगलेली असायची. गेलीच तर तीच जाऊ द्यावीत, म्हणून."

खिडकीबाहेर विक्रमनं भिंतीला हात लावला.

आत बोटाच्या मशीनचं टीटी ऐकू आलं. मग पूनम म्हणाली, "मास्क लावा अप्पा. आकडा उतरतोय."

"तू पंपावर व्हतीस तवा मी आलो न्हाई तुला बघाया."

"रोज सांजंला बांधावर येऊन खाकरायचात की. मला कळायचं." तिनं मास्क त्यांच्या नाकावर नीट बसवला असावा, कारण पुढचं अप्पांचं बोलणं विक्रमला कळलं नाही.

त्या संध्याकाळी तिला हाक मारून बाहेर बोलवावं आणि सगळं सांगून टाकावं, असं त्याच्या मनात दहादा आलं. पण आता सांगून काय होणार होतं? चार दिवस ती त्याच हवेत होती. सांगितलं तर ती नुसती भिणार, असं त्यानं स्वतःला समजावलं. स्वतःला समजावणं त्याला आता जमायला लागलं होतं.

सहाव्या दिवशी अकराच्या सुमारास तो रांगेत सतरावा होता. पूनमचा फोन आला. "सिलिंडर मिळाला का?" तिनं विचारलं.

"अजून तासभर लागंल. का गं?"

"भरून घेऊन या," ती म्हणाली. "पर गाडी सावकाश चालवा. घाई करू नका आता."

विक्रमला कळलं. तरी तो रांगेतून हलला नाही. सिलिंडर भरून झाल्यावर तो नीट बांधला, दोनदा दोरी ओढून बघितली, आणि मग रस्त्याच्या कडेला उन्हात बसून तो रडला.

म्हस्कूअप्पांना भीमेच्या काठी पोचवायला चार माणसं होती, प्लास्टिकच्या पांढऱ्या कपड्यांतली. कोण कुठला ते ओळखू येत नव्हतं. अग्नी दत्तानं दिला.

त्यानंतर दोन दिवसांनी पूनमला ताप आला.

"असा कसा आला?" दत्ता म्हणाला. "होऊन गेलेल्याला परत कसा होतो?" डॉक्टरनं दारातूनच खांदे उडवले. छातीच्या स्कॅनमध्ये पंचवीसपैकी अकराचा स्कोर निघाला. अप्पांसाठी भरून आणलेला सिलिंडर कुणी उघडलाही नव्हता, तो तिला लावला. आता प्रश्न पुन्हा तोच, आत बसणार कोण. दत्ता बघायला लागला विक्रमकडे, विक्रम बघायला लागला मोबाइलकडे. तेवढ्यात गिताबाई पदर खोचून उठली.

"आई, तुझी शुगर..."

"माझा मालक गेला. आता मला कोण अडवतंय तेच बघते," ती म्हणाली आणि आत शिरली.

पूनम अकरा दिवस त्या खोलीत होती. दोनदा आकडा ऐंशीच्या खाली गेला. गिताबाईला तिच्या एका डोसानं तारलं की देवानं, कुणी सांगावं, पण तिला साधा खोकलाही झाला नाही. विक्रम रांगेत उभा राहात होता आणि सिलिंडर आणत होता. खिडकीपाशी मात्र तो जायचा नाही. पूनम वाचली. खोलीतून बाहेर आली तेव्हा तिच्या मनगटातून बांगड्या निसटत होत्या, केस मुठीनं गळत होते, आणि ओट्याच्या तीन पायऱ्या चढायला तिला मध्ये बसावं लागत होतं.

जूनच्या दुसऱ्या आठवड्यात अप्पांचं राहिलेलं गोड जेवण घातलं. दहाव्याला माणसंच येऊ शकली नव्हती. आताही घरचीच होती. बाहेरचा म्हणाल तर गिताबाईचा भाऊ दगडोबामामा तेवढा आला होता. ओसरीत पंगत मांडली. पुरणपोळी, कटाची आमटी, भात. अप्पांचा फोटो अजून फ्रेम झाला नव्हता, तो भिंतीला टेकवून ठेवला होता.

पानं वाढून झाली तेव्हा दत्तानं एक जांभळी साडी पूनमच्या पुढं ठेवली. मोनालीनं तिला हळदकुंकू लावलं.

"लेकानं करावं ते सुनेनं केलं," दगडोबामामा सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले. "सख्खी लेकबी करनार न्हाई. मेव्हण्याचा जीव सुखानं गेला तो हिच्यामुळं."

पूनमनं साडीला हात लावून नमस्कार केला. त्या कौतुकानं ती अवघडली होती, पण तिला ते हवंही होतं, हे विक्रमला दिसत होतं. सप्टेंबरापासून त्या घरानं तिला दिलेला हा पहिला मान होता.

तेवढ्यात दत्ताचा फोन वाजला. बहीण करिश्मा, दौंडहून. पाच महिन्यांची पोटुशी होती म्हणून तिला बोलावलं नव्हतं. दत्तानं स्पीकर लावला.

"दादा, माझ्या सासूबाई पॉझिटिव्ह निघाल्या," करिश्मा रडत होती. "वॉर्डातनं घरी आणल्यात, तिथं जागा न्हाई म्हणाले. ऑक्सिजन लावलाय. हे रेल्वेच्या ड्युटीला, यांना रजा न्हाई. मला डॉक्टर त्या खोलीच्या जवळपासबी फिरू देत न्हाईत. आन् सासरे तर गेल्या महिन्यातच गेले. मी काय करू दादा?"

ओसरीत कुणाचा हात पानाला लागेना.

"वहिनी हाय का तिथं?" करिश्मा म्हणाली. "पूनमवहिनी, मला बोलाया तोंड न्हाई. पर तुमाला आता दोनदा होऊन गेलाय. डॉक्टरबी म्हणले, नुकताच होऊन गेलेल्याला लगेच सहसा होत न्हाई. आठच दिवस या वहिनी. पाया पडते तुमच्या."

दत्तानं पूनमकडं बघितलं. मोनालीनं बघितलं. दगडोबामामा म्हणाले, "दोनदा होऊन गेलं म्हंजी आता ती लोखंड झाली. तिला काय होतंय?"

"जिना चढवंना तिला," गिताबाई म्हणाली.

"आगं करिश्माच्या घरात जिना कुठाय? एकाच खोलीत बसायचंय," दत्ता म्हणाला. तो वाईट माणूस नव्हता. बहिणीचं रडणं त्याला सोसत नव्हतं, आणि उपाय समोर पानावर बसला होता.

पूनमनं जांभळी साडी पानापासून बाजूला सरकवली. मग म्हणाली, "करिश्माताई, रडू नका. मागल्या वेळंसारखी टेस्ट करून घेते. उद्या रगात देते. रिपोर्ट चांगला आला की येते."

"रिपोर्टला दोन दिवस जातील वहिनी. तवर त्यांना कोण बघंल? आन् मागचा चांगलाच आलता की तुमचा!"

"न्हवता आला," विक्रम म्हणाला.

ते त्यानं इतक्या हळू म्हटलं की मोनालीनं "काय?" विचारलं.

"न्हवता चांगला आला. तिच्यात ताकद न्हवती. मी खोटं सांगितलं."

फोनमधून करिश्मा "काय झालं, काय झालं" करत होती. दत्तानं फोन उपडा ठेवला. पूनम विक्रमकडं बघत नव्हती, ती पानातल्या पोळीकडं बघत होती.

"किती आलता आकडा?" तिनं विचारलं.

"शून्य पॉइंट अडतीस."

"किती लागतो?"

"एकाच्या वर."

"लॅबवाल्यास्नी इचारलं व्हतं?"

"व्हय. नव्या माणसासारखं जपा म्हणला."

"मी कुठं व्हते तवा?"

"नळावर."

पूनमनं मान हलवली, जशी काही तिला नळावरची ती दुपार दिसतच होती. दत्ताला ते सहन झालं नाही. "पूनम, त्यानं अप्पासाठी केलं गं. बापासाठी माणूस..."

"दादा, तुमी थांबा," पूनम म्हणाली. आवाज चढलेला नव्हता, पण त्या घरात ती दत्ताला पहिल्यांदाच असं बोलत होती. ती विक्रमकडं वळली. "मला दावला असता रिपोर्ट, तर मी आले नसते. अप्पा चांगले व्हते, माझ्यावर त्यांचा जीव व्हता, ते मागनं कळलं मला. पर तवा मी आले नसते. आन् ते तुमास्नी ठाऊक व्हतं."

"व्हय," विक्रम म्हणाला.

मोनाली रडायला लागली. कुणासाठी ते तिलाही सांगता आलं नसतं. दगडोबामामांनी घसा खाकरला आणि झालं ते झालं, अशा अर्थाचं काही पुटपुटले, पण ते कुणी ऐकलं नाही. गिताबाईनं वाढायचं पातेलं खाली ठेवलं.

"मी तुला इचारलं व्हतं," ती लेकाला म्हणाली. "डोळ्यानं बघितलास का म्हणलं. तू व्हय म्हणलास."

"बघितला व्हता आई."

"तू सोता का न्हाई बसलास बापापाशी? तिच्यात न्हवती ताकद, तुझ्यातबी न्हवती. दोघं सारखीच. मग ती का?"

तिच्या आवाजात राग नव्हता. तिला खरोखरच जाणून घ्यायचं होतं. विक्रमनं उत्तर शोधलं. रांग आठवली, सिलिंडर आठवले, उन्हात काढलेले ते सगळे दिवस आठवले. त्यातलं काहीच उत्तर नव्हतं.

"भ्यालो," तो म्हणाला.

गिताबाई तिथंच खाली बसली.

उपड्या फोनमधून करिश्माचा आवाज अजून येत होता. विक्रमनं तो उचलला. "करिश्मा, मी येतो. मी बसतो तुझ्या सासूबाईंजवळ."

"दादा, तुला तर झालाच न्हाई अजून. लसबी न्हाई तुला."

त्याला लस नव्हतीच. अठरा ते चव्वेचाळीसचा स्लॉट मोबाइलवर उघडायचा आणि पापणी लवायच्या आत भरून जायचा. दत्ता आणि तो रोज बोटं आपटून बघायचे.

"न्हाई," तो म्हणाला. "तासाभरात पोचतो."

फोन ठेवून तो पानावरून उठला. अर्ध्या पानावरून उठू नये, हे कुणीतरी म्हणायला हवं होतं. दत्ता जमिनीकडं बघत होता. मोनाली रडणाऱ्या लेकराला घेऊन आत गेली. गिताबाई बसली होती तशीच बसून राहिली. पूनमनं पोळीचा तुकडा मोडला, आमटीत बुडवला आणि हळूहळू चावून खाल्ला. तिला अजून अन्नाची चव नीट लागत नव्हती, पण डॉक्टरनं खायला सांगितलं होतं.

विक्रमनं गाडीची चावी घेतली, दोन मास्क घेतले. ओट्याच्या पायरीवर बसून तो सँडल घालायला लागला. त्यात त्यानं गरजेपेक्षा जास्तच वेळ लावला. एक पट्टा लावला, तो सोडला आणि पुन्हा लावला. मग दुसरा.

मागून कुणी 'जाऊ नको' म्हणालं नाही. तो उठला आणि त्यानं गाडीला किक मारली.